पाठीवरचा लाल रंग

मी एक म्हातारा डोहने मेंढा आहे, मित्रांनो. आमच्या जातीला शिंगं नसतात, मिजास मात्र असते. अंगावर मांस भरपूर, वर रेशमासारखी मऊ लोकर. डोंगरावरच्या आंबट गवतावरही आम्ही धष्टपुष्ट होतो.

मी माभेलेचा. बाटलीनं दूध पाजून तिनंच मला वाढवलं. तिचा धनी वारल्यावर मात्र जनावरांबाबत शेवटचा शब्द तिच्या धाकट्या दिराचा, लुवुयोचा. आमच्याकडे वयात आलेली पोरं विधीसाठी डोंगरात जाऊन राहतात; त्याचा मुलगा तिथून पुरुष होऊन परतायचा होता. शनिवारी मेजवानी होती आणि लुवुयोची नजर माझ्यावर पडली.

"वहिनी, याचा पुठ्ठा बघा. अख्खं गाव जेवेल."

"भाऊजी, गुरुवारी कातरणी आहे," माभेले हळूच म्हणाली. "लोकर पहिल्या प्रतीची निघाली, तर हा गावाच्या कळपाचा पैदाशीचा मेंढा होईल. नाही निघाली, तर न्या."

लुवुयो कबूल झाला. पण मेजवानीचं जनावर कळपात हरवू नये, म्हणून आमच्याकडे पाठीवर खूण करतात. सवयीनं त्यानं दाराचा लाल तेलरंग घेतला आणि माझ्या पाठीवर पट्टा ओढला. रंगलेली लोकर कातरणीच्या शेडमध्ये प्रत ठरवायच्या टेबलावर चढतच नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

माभेले रागावली नाही. रंग शेंड्यांनाच लागला होता. छोटी कात्री घेऊन ती दोन दिवस माझ्यापाशी बसली आणि एकेक लाल शेंडा कापत राहिली.

लुवुयो हसला. "मेंढ्याची वेणीफणी चाललीय वाटतं?"

"हो. गुरुवारी लग्न आहे त्याचं."

गुरुवारी माझी लोकर टेबलावर पसरली. प्रत ठरवणाऱ्या नोसिफोनं एक बट ओढून कानाशी धरली, धागा मजबूत आहे का ते ऐकायला टिचकी मारली. मग सगळी लोकर उलटीपालटी करून लाल धागा शोधला. एकही सापडला नाही.

"पहिली प्रत," ती म्हणाली.

"नीट बघ, पोरी," लुवुयो पुटपुटला.

"काका, तुम्ही दारं रंगवा. लोकर मला बघू द्या."

सारी शेड हसली. लुवुयोही हसला आणि स्वतःच मला गावाच्या कळपातल्या मेंढ्यांकडे घेऊन गेला. शनिवारी मेजवानीला दुसरा मेंढा गेला. आज समोरच्या टेकडीवर पांढरं काही हललं, तर समजा, ती माझीच लेकरं, नातवंडं.

मित्रांनो, सुरी दिसली की बकरा ओरडतो. मेंढा गप्प राहतो. ज्यांना ओरडता येत नाही, त्यांच्या बाजूनं कुणीतरी बोला. हळू आवाजात बोललात तरी चालेल.