एका माणसाचा एक

वर्नाने मला शिकायला पाठवलं, हे आधीच सांगते, म्हणजे पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही हे कळेल. हॉवर्ड स्ट्रीटवरचं म्हाताऱ्या माणसांचं दिवसकेंद्र ती एकतीस वर्षं चालवत होती आणि मी तिच्या हाताखाली चौदा वर्षं होते. केंद्राला पैसे देणाऱ्या काउंटीच्या, म्हणजे जिल्हा सरकारच्या, मीटिंगहून ती दर वेळी तोंड पाडून यायची. "त्यांची भाषा आपल्याला येत नाही, पोरी," ती एकदा म्हणाली. "तू जा, शीक." मानवी सेवांचं नियोजन आणि प्रशासन, असं लांबलचक नाव असलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा वर्गात जाऊन बसले. ज्या दिवशी मला तास असायचे त्या दिवशी माझं काम वर्ना करायची, गुडघे दुखत असतानाही.

केंद्राच्या दारात एक वही असायची. येणाऱ्याने सही करायची. रोज येणारा कुणी दहापर्यंत आला नाही तर वर्ना फोन करायची, आणि फोन उचलला नाही तर आमच्यापैकी एकीला त्याच्या घरी पिटाळायची. एमेट सालाक हा फाउंड्रीतून निवृत्त झालेला एकटा माणूस. सही करताना त्याचं रोजचं एकच वाक्य, "लिहून घे वर्ना, अजून मेलो नाही." मग काळी कॉफी घेऊन खिडकीपाशी बसायचा. जेवायचा नाही, पत्ते खेळायचा नाही, कुणी बोलायला गेलं तर वसकन अंगावर यायचा.

आमच्या अभ्यासक्रमात शेवटच्या सत्रात एखाद्या खऱ्या कचेरीसाठी अहवाल करावा लागतो. मला काउंटीने विषय दिला: तीन केंद्रांपैकी दोनच ठेवायची आहेत, तर कोणती? त्यातलं एक माझं आहे, हे मी प्रोफेसर लिंडक्विस्टना सांगितलं. मग तर जास्तच काटेकोर राहा, ते म्हणाले. मोजणीचा नियम ठरलेला होता. वर्षात माणूस एकदाच मोजायचा. तो रोज येवो की एकदाच, एका माणसाचा एक. नदीपलीकडच्या केंद्रात फ्लूची लस टोचून घ्यायला सहाशे माणसं आली होती, ती सहाशे धरली. आमच्याकडची त्रेपन्न माणसं बर्फ पडो की गारठा, रोज यायची. ती त्रेपन्नच धरली.

कोण किती दिवस आलं, असा दुसरा रकाना मला घालता आला असता. एक अख्खा शनिवार वही उलगडून बसून मी तो भरलाही होता. मग काढून टाकला. आपल्याच घराला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून. खरं सांगायचं तर प्रोफेसरांनी म्हणू नये म्हणून. बाकीच्या दोन केंद्रांत अशी वहीच नव्हती, त्यामुळे सबबही आयती मिळाली.

अहवालाला सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. निःपक्षपातीपणाचा नमुना म्हणून प्रोफेसरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि, सांगायला लाज वाटते, मी खूश झाले. मार्चमध्ये काउंटीच्या समितीने त्याच अहवालावर बोट ठेवून हॉवर्ड स्ट्रीट बंद केलं.

शेवटच्या दिवशी खुर्च्या एकावर एक रचता रचता वर्नाने विचारलं, "वही पाहिली होतीस ना?"

"पाहिली होती."

"बरं," ती म्हणाली आणि पुढची खुर्ची उचलली. तिने शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

काउंटीने मला नियोजन विभागात नोकरी दिली. आमच्या माणसांना नदीपलीकडे न्यायला मी व्हॅन सुरू करवली. एमेट एप्रिलमध्ये एकदा गेला. तिथे दारात कार्ड यंत्राला टेकवायचं असतं, बोलायला कुणी नसतं. परत येताना तो ड्रायव्हरला म्हणाला म्हणे, "मी मेलो की नाही, हे विचारायला तरी कुणी ठेवा." पुन्हा काही तो व्हॅनमध्ये चढला नाही.

नोव्हेंबरात वर्नाचा फोन आला. एमेट त्याच्या खोलीत जमिनीवर सापडला होता, नऊ दिवसांनी. डॉक्टरांच्या मते पडल्यावर दोन दिवस तरी जिवंत असावा. फोनच्या दिशेने थोडा सरकलाही होता. वर्ना रडत नव्हती. "दहा वाजता आपण दार वाजवलं असतं," एवढंच म्हणाली. अजूनही ती 'आपण' म्हणत होती, आणि ते मला सोसवेना.

जानेवारीत वर्षाची यादी माझ्याकडे आली. एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ती नावानिशी येते. हॉवर्ड स्ट्रीटच्या त्रेपन्न माणसांपैकी किती जणांना नदीपलीकडे सेवा मिळाली, हे मला भरायचं होतं. एमेट सालाक, एप्रिल, एक भेट. मी त्याच्या नावापुढे एक लिहिला. बेरीज त्रेपन्न आली.

आमच्या विभागाच्या साहेबांनी कागद पाहिला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, "शाबास. एकही माणूस सुटला नाही."

मी त्यांना थँक यू म्हटलं.