कठड्याखालचे खिळे

जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या आईने दोन वर्षं लेकीला ताकास तूर लागू दिली नव्हती. डोळ्यांपुढे आता नुसता उजेड-अंधार उरला होता. पण बाई इरसाल, सुईच्या नेढ्यात जिभेने दोरा ओवायची आणि रस्त्यावर अशी ताठ चालायची की कुणाला शंका येऊ नये. गेल्या आठवड्यात अर्धवट उघड्या दारावर कपाळ आपटलं, तर फळीवरून डबा पडला अशी थाप मारून मोकळी झाली. लेकीला कळलं असतं तर तिने आईचं एकटीचं घर बंद करून तिला आपल्याकडे नेलं असतं. आईला ते मुळीच नको होतं.

लेक नगरपालिकेत जुन्या इमारतींची पाहणी करायची. बाजारामागची एक इमारत मुळात कशासाठी बांधली, हे तिला संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचं होतं. गोडाऊन ठरली तर पाडायची, नाहीतर राखायची. जुने कागद कधीच जळून गेले होते. कामात लेकीला जेवणाची शुद्ध राहत नाही, म्हणून आई तिथे डबा घेऊन आली.

लेक दुसऱ्या मजल्यावरून ओरडून सांगत होती की हे गोडाऊनच. दारं भिंतीत सरकणारी, कोपरे पोती घासून गोल झालेले, हमाल घसरू नयेत म्हणून जिन्यापाशी खडबडीत फरशी, आणि दिवा टांगायला कुठे आकडाही नाही.

आई मनात पायऱ्या मोजायच्या तयारीनेच निघाली. पण फरशी खडबडीत लागली आणि पायालाच कळलं, आता पायरी. कोपऱ्यावरून तिने हात फिरवला. गोलाई खालपासून खांद्यापर्यंत एकसारखी, गिलावा शाबूत. हे काही पोत्यांचं काम नव्हे. कठड्याच्या खालच्या अंगाला पहिल्या मजल्यापाशी एक पितळी खिळा बोटांना लागला, दुसऱ्यापाशी दोन. न मोजता, न अडखळता ती वर पोचली. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. बांधणारा कोण असेल तो, तिला त्याचे हात हातात घ्यावेसे वाटले. दारंही त्याने भिंतीत सरकणारी केली होती; अर्धवट उघडं दार कपाळाचं काय करतं हे ठाऊक असलेला माणूस होता तो.

लेकीने गोडाऊन लिहिलेल्या कागदावर सही करायला पेन काढलं होतं. आई गप्प राहिली असती तर तिचं घर तिचंच राहिलं असतं. पण असं काम गोडाऊन म्हणून पाडलं जावं, हे तिला सोसवेना.

"पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला कठडा धरायला हात मोकळा असतो का गं?" तिने विचारलं आणि खिळ्यांचं सांगितलं.

लेक वाकून बघून आली. "आठ दिवस इथे आहे मी. मला दिसले नाहीत."

"दिसायला केलेलेच नाहीत ते. आंधळ्यांसाठी बांधलंय हे सगळं."

"मग तुला कसे सापडले?"

थाप अगदी ओठांवर आली होती. आईने ती गिळली.

"मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

 लेकीने तो कागद फाडल्याचा आवाज आला.

"तुझ्यावर मी चिडलेय," ती म्हणाली. आवाज ओला होता. "घराचं काय ते आपण दोघी ठरवू. आधी या माणसाने अजून काय काय केलंय, ते मला दाखव."

तिने डोळे मिटले आणि आईचा हात धरला. आई पुढे झाली.