विहिरीतला हुंकार

गोष्ट सांगणाऱ्याला आमच्याकडे हुंकार लागतो. ऐकणारा मधूनमधून 'हूं' म्हणाला नाही, तर सांगणारा तिथंच थांबतो. भिंतीला कोण सांगत बसणार? आणि खुर्शीदसारखा हुंकार देणारा जांब समर्थाच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही हकीकत. माझा खुबा तेव्हाच मोडलेला. वाघाशी कुस्ती खेळताना मोडला, असं मी सांगतो. लिंबावरून पडला, असं गाव सांगतं.

चैत्रात खुर्शीद विहिरीचा गाळ काढायला उतरला आणि वरचं दगडी बांधकाम ढासळलं. दगडांच्या फटीतून त्याचा आवाज तेवढा येई. पाय अडकलेत, म्हणाला. गडी दोराला धरून उतरू लागले. दगड जपून उचलायचे, पाटीत भरून वर पाठवायचे. घाई केली तर उरलेलं बांधकाम त्याच्यावरच यायचं.

मीही दोराला हात घातला. भुजंग उतरता उतरता ओरडला, "आबा, बाजूला सरका! तुमच्या गप्पांनी दगड हालत न्हाई."

खरंच होतं. सरकलो.

मग फटीतून आवाज आला, "चाचा हायेत का वर? कायतरी सांगा, चाचा. अंधार लई हाय."

त्याची बायको खैरुनबी माझ्याकडे बघू लागली. "सांगा ना. तुमचं ऐकतेत ते."

काठी टेकून मी काठावर बसलो. "आमच्या आज्याचा एक बैल होता. इतका लांब, की तोंड जालन्याच्या मस्तगडात कडबा खायचं अन् शेपूट इकडं जांबला माशा हाकायचं."

"हूं."

"पाडव्याला शेपटाला गोमाशी चावली. बैलाला कळलं आखाजीला."

"हूं. अन् चाचा, शेण?"

"ते दिवाळीला! तवर खत न्हाई म्हणून आजा बोंबलून राह्यला."

फटीतून हसू आलं. मग खोकला, बराच वेळ.

"थांबू नका, आबा," खालून भुजंग म्हणाला. हो, तोच भुजंग.

दगड वर येत होते, पण खालचा ढीग कमी होताना दिसेना. मी बैलाला जालन्याहून माघारी वळवला. मधेच त्याचं लग्न लावलं, वरात काढली, व्याह्यांची भांडणं लावली. बैल घरी पोचला की गोष्ट संपणार, आणि ती संपवायची माझी छाती होईना. हुंकार येत होता, पण बारीक होत चालला होता.

"मंग तोंड परतूरला आलं..."

काही नाही.

"परतूरला आलं, खुर्शीद."

काहीच नाही. माझी जीभ जागच्या जागी थांबली, जन्माची खोड. खाली भुजंग दगड पोटाशी धरून तसाच उभा राहिला. बाकीच्यांचेही हात थांबले. सगळे वर माझ्या तोंडाकडे बघत होते.

खैरुनबी काठावर पालथी पडली. विहिरीत तोंड घालून म्हणाली, "हूं."

बाईचा आवाज तो. कुणाला फसवणार होता?

भुजंगनं दगड पाटीत टाकला आणि दुसऱ्याला हात घातला. "सांगा, आबा," म्हणाला, वर न बघता.

"परतूरला बैलाला तहान लागली," मी म्हणालो.

"हूं," खैरुनबी म्हणाली.