हळदीच्या सौद्यातला रुमाल

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. खिशात मावणारा नव्हे, डोक्याला गुंडाळायचा. वडूजच्या बाजारात राहीबाईने मला पारखून घेतले आणि तिचा नवरा आकाराम लढाईवरून परत आला, तेव्हा त्याच्या हाती दिले. लढाई संपली तशी त्याची नोकरीही संपली होती. घरच्या कोरडवाहू रानात दोन भावांचे भागत नव्हते. थोरला म्हणाला, "अखितीच्या सणापर्यंत सांगलीत काम बघ. न्हाई घावलं तर गप माघारी ये आन् माझ्या मेंढरांमागं जा."

मेंढरांची आकारामला लाज नव्हती. पण तो भावाच्या हाताखाली राहिला, तर राहीबाईला जन्मभर जावेच्या हाताखाली राहावे लागणार होते.

सांगलीत तो एका देवळाच्या ओवरीत पथारी टाकी. सकाळी कृष्णेच्या घाटावर मला धुऊन वाळवी आणि निघे. तेलाचा घाणा, गुळाची अडत, छापखाना, सगळीकडे नकार मिळे. नकार मिळाला की तो आल्या वाटेने परतत नसे. शेजारचा अनोळखी बोळ धरी. "काम न्हाई तर न्हाई, गाव तर पाठ हुतंय," असे म्हणत तो मला पिळी. मला वाटते, या सवयीनेच त्याला तगवले.

अखिती तोंडावर आली असताना तो हळदीच्या पेठेत नानासो अडत्यांसमोर जाऊन उभा राहिला.

"पलटणीत हुतास व्हय? थांब जरा," नानासो म्हणाले. "सौदा उरकू दे, मग बोलू. तुझा रुमाल दे. माझा घरी ऱ्हायलाय."

आकारामने लगेच मला डोक्यावरून सोडून त्यांच्या हाती दिले. त्याला वाटले, काम मिळालेच.

तिथे भाव तोंडाने बोलत नसत. अडत्या आणि व्यापारी हातात हात देत, वर रुमाल टाकत आणि आत बोटे दाबून भाव ठरवत. बाळासो नावाच्या व्यापाऱ्याने माझ्याखाली नानासोंची बोटे दाबली. भाव पडेल होता. नानासोंनी भाव वाढवून घ्यायच्या नेहमीच्या सवयीने तोंड वाकडे केले आणि ते कळवळून ओरडले, "मेलो, मेलो!"

आकारामने ही रीत कधी पाहिली नव्हती. म्हाताऱ्याची बोटे मुरगाळली जात आहेत, एवढेच त्याला दिसले. तो झेपावला, मला हिसकून फेकले आणि बाळासोंचे मनगट धरले. धरलेली बोटे सगळ्या बाजारासमोर उघडी पडली. सौदा मोडला. मी हळदीच्या ढिगावर पडलो होतो आणि माणसे पोट धरून हसत होती.

"नीघ हितनं," नानासो म्हणाले. "पुन्यांदा दिसू नगंस."

त्या दिवशी तो नवा बोळ शोधायला गेला नाही. घाटावर बसून मला घासत राहिला. पिवळा डाग निघेना. "उद्या वडूज," तो म्हणाला.

पण सकाळी त्याचे पाय पेठेकडे वळले. चूक मान्य केल्याशिवाय गाव सोडणे त्याला बरे वाटेना.

"कशाला आलास?" नानासोंनी विचारले.

"माफी मागाय. तुमची बोटं मुरगाळली आसं वाटलं."

नानासोंनी पानाचा डबा पुढे ओढला. "वाटलं म्हनून धावलास. बरं, खरंच मुरगाळली असती, तर बाकीचे काय करत हुते रं?"

"बगत हुते."

"हां. माझीच मानसं, माझाच पगार घेत्यात आन् बगत हुते." त्यांनी पानाचा विडा तोंडात सारला. "हरिपूरला जमिनीखाली पेवं हायती, त्यात आमची हळद साठवत्यात. तितं राखनीला ऱ्हा. पर सौद्यात पाय ठेवायचा न्हाई."

"न्हाई ठेवत. आवं, बायकू आनली तर चालंल?"

"आन की. तिला तरी सौदा कळतोय का बगू."

मित्रांनो, आता माझे काठ विरले आहेत. हरिपूरच्या खोलीत राहीबाई मला घेऊन कंदिलाची काच पुसते. तुमच्याही गावात कुणी परका काम मागायला येईल. तुमच्या रीती त्याला ठाऊक नसतील, तो चुकेल. हवे तर हसा. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दारात आला, तर त्याला उभे राहू द्या.