धाकलीचा चंदू

लकव्यानं दुधरामची वाचा गेली, पण एक नाव तेवढं जिभेवर राहिलं. पाणी हवं असलं तरी "चंदू", कूस बदलायची असली तरी "चंदू". गोंदियाच्या दवाखान्यातली नर्स विचारायची, "चंदू कोण, मुलगा का?" आणि उशाशी स्टुलावर बसलेली देवकाबाई म्हणायची, "मुलाचं नाव प्रफुल आहे. येते तो सांजच्याले डबा घेऊन."

हे खोटं नव्हतं. धान निसवायच्या दिवसांत शेत सोडून प्रफुल रोज कामठ्याहून यायचा. पण चंदूही दुधरामचाच मुलगा होता, आणि थोरला होता.

लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही देवकाबाईला मूल नव्हतं. तेव्हा सालेकसाकडची फुलवंता तिनंच पाहिली, तिनंच नवऱ्यामागे लागून सवत म्हणून घरात आणली. फुलवंताला चंद्रकुमार झाला. त्याला न्हाऊमाखू घालायची ती देवकाबाई. तो तिला मोठीमाय म्हणायचा. मग सगळ्यांनी आशा सोडल्यावर तिच्याच पोटी प्रफुल आला, आणि तेव्हापासून चंदू तिच्या डोळ्यांत खुपू लागला. एके दिवशी लहानगा प्रफुल गावाजवळच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यात, पडला. सोबत चंदू होता. धाकलीच्या पोरानं ढकललं, असं देवकाबाई म्हणाली. दुधरामनं मायलेकांना बैलगाडीत बसवून सालेकसाला फुलवंताच्या बापाकडे सोडलं, तोवर ती तेच म्हणत राहिली. त्यानंतर त्या घरात चंदूचं नाव निघालं नव्हतं. आता ते दिवसभर निघत होतं.

शेजारच्या खाटेवर रेल्वेतून रिटायर झालेले एक ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांची मुलगी रुची दुपारी त्यांना बायबलमधल्या गोष्टी वाचून दाखवायची. वडिलांची नजर अधू होती, म्हणून ती थोडं वाचायची आणि थोडं आपल्या शब्दांत सांगायची. देवकाबाई कान देत नसे. पण त्या दुपारी अब्राहामाची गोष्ट निघाली. त्याच्या बायकोला, साराला, मूल नव्हतं. मग तिनंच आपली दासी हागार नवऱ्याला दिली, हागारला मुलगा झाला, आणि पुढे म्हातारपणी साराचीही कूस उजवली.

देवकाबाईच्या हातातला टॉवेल तिथंच थांबला. हिला कोणी सांगितलं? नर्सनं? की प्रफुल कुठं बोलला?

"मग सारा नवऱ्याला म्हणाली, हिला आणि हिच्या पोराला घरातून काढा," रुची सांगत होती. "अब्राहामाला फार वाईट वाटलं. पण सकाळी उठून त्यानं हागारला भाकरी दिली, पाण्याची पिशवी खांद्यावर दिली आणि पाठवून दिलं."

"कुठं पाठवलं?" देवकाबाईनं विचारलं.

रुचीनं वळून पाहिलं. "रानात, मावशी. पाणी संपलं तेव्हा हागारनं पोराला झुडपाखाली टाकलं आणि दूर जाऊन बसली. त्याचं मरण डोळ्यांनी बघायचं नव्हतं तिला."

तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले आणि गोष्ट तिथंच राहिली. देवकाबाई व्हरांड्यात गेली, परत आली, पुन्हा गेली. प्रफुलनं आणलेल्या डब्यातला भात तिनं नुसताच चिवडला.

"माय, काय झालं?" प्रफुलनं विचारलं.

"काई नाही. गरमी होऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी रुची दिसताच तिनं विचारलं, "तो पोरगा मेला का?"

"नाही. देवानं त्याचं रडणं ऐकलं. हागारचे डोळे उघडले, तर जवळच विहीर होती."

"विहीर देवानं तवाच बनवली?"

"तसं नाही लिहिलेलं. तिला आधी दिसली नव्हती, एवढंच."

"एवढी दया होती, तर देवानं त्यायले घरातून काढूच काऊन देल्लं?"

"मी पण पप्पांना हेच विचारलं होतं," रुची म्हणाली. "मला नाही माहीत, मावशी. मी एवढंच धरून चालते की रडणाऱ्याचं तो ऐकतो."

"मंग बापलेक भेटले का कधी?"

"जिवंतपणी भेटल्याचं लिहिलेलं नाही. बाप मेला तेव्हा मात्र दोघा भावांनी मिळून त्याला माती दिली."

"अन् सारा?"

"ती त्याच्या आधीच गेली होती."

खाटेवरून दुधराम म्हणाला, "चंदू."

देवकाबाई उठली. पायांत चपला सरकवल्या, पदर खांद्यावरून घेतला. "मी सालेकसाले जाऊन येते. यायच्याकडं पाहान का जरा?"

"आत्ता? एकट्याच जाता?"

"आताच जाते. थांबली तर जाणं होणार नाही."

रेल्वेच्या डब्यात जागा होती, तरी ती दाराशी उभीच राहिली. आमगावला गाडी थांबली तशी ती उतरण्यासाठी पुढं झाली. परतीची गाडी धरावी, प्रफुल यायच्या आत खाटेपाशी बसावं, कोणाला काही कळणार नाही. मागून कोणी म्हणालं, "उतरना है क्या, अम्मा?" ती बाजूला सरली. गाडी सुटली.

फुलवंताच्या बापाचं नाव विचारत गेल्यावर चंद्रकुमारचं पाण्याच्या पंपांच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान सालेकसात सापडायला वेळ लागला नाही. केस पिकत आलेला माणूस मोटारीत तांब्याची तार भरत होता. त्यानं मान वर केली आणि पाहतच राहिला.

"मोठीमाय?"

गाडीत जुळवलेलं सगळं ती विसरली. "तुया बाबाले लकवा मारला. तुले हाका मारून राहिले. दुसरं बोलताच येत नाही त्यायले."

त्यानं हातातला वेढा पुरा केला, तार तोडली, हात पुसले. "घरी चाल. माय म्हणन तसं."

फुलवंता ओसरीवर भाजी निवडत होती. तिनं देवकाबाईला ओळखलं, पाणी आणून दिलं आणि समोर बसली. "कायले आली?"

"चंदूले न्यायले."

"धाडाले तू होती. न्यायलेही तूच?"

"हो."

"त्यानं ढकललं नव्हतं प्रफुलले."

"मले माहीत आहे," देवकाबाई म्हणाली. "मी बोडीच्या पारीवर उभी होती. प्रफुलचा पाय घसरला. चंदूनं उडी घेऊन काढला त्याले. मी पाहिलं."

फुलवंताच्या हातातली जुडी खाली पडली. "मले वाटे, तुया डोळ्याले धोका झाला असन," ती म्हणाली. "आईचं मन आहे, लेकरू पाण्यात पाहून भेली असन, असंच मी समजत आली. याच्यावरच मी इतके दिवस काढले, बाई. अन् तू पाहिलं होतं?"

ती उठून आत गेली. देवकाबाई खाली मान घालून बसून राहिली. चंदू खांबाला टेकून उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं, पण त्याचा चेहरा हलला नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि थांबत होता. शेवटी फुलवंता दारात आली, तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"जाय, चंदू. बाप आहे तुया. पण हे प्रफुलले हिनंच सांगावं, त्याच्या तोंडावर. नाही सांगतलं तर पायरीवरून वापस ये."

परतीच्या गाडीत दोघं समोरासमोर बसली. चंदूनं एकदाच विचारलं, "प्रफुल कसा आहे?"

"चांगला आहे. रागीट आहे थोडा."

"लहानपणीही होता," चंदू म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रफुल येरझारा घालत होता. "कुठं गेली होती तू? फोन नाही, काही नाही." मग त्याला मागचा माणूस दिसला. "हा कोण?"

"चंदू." देवकाबाई म्हणाली. "आत जायच्या आधी माझं ऐकून घे, प्रफुल. यानं तुले ढकललं नव्हतं. यानं तुले वाचवलं. मी डोळ्यानं पाहिलं, अन् खोटं बोलली."

प्रफुलनं आधी आईकडे पाहिलं, मग चंदूकडे. "गावात याचं नाव निघालं की मी थुंकत होतो, माय," तो हळू आवाजात म्हणाला. "तू समोर असाची." तो जिना उतरून निघून गेला. देवकाबाईनं त्याला हाक मारली नाही. तो परत येईल की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं.

चंदू आत गेला. दुधरामनं त्याला पाहिलं, चांगला हात उचलून त्याचं मनगट धरलं आणि तोंड वाकडं करून रडू लागला. चंदू खाटेच्या कडेला बसला. बापाचे डोळे त्यानं आपल्या रुमालानं पुसले. रुचीनं मधला पडदा ओढून घेतला.

दिवेलागणीला प्रफुल परत आला. त्यानं डबा उघडला, आधी चंदूला वाढलं, मग आईपुढं ताट ठेवलं. तिच्याकडे पाहिलं मात्र नाही.

दिवाळीआधी दुधराम घरी आला आणि काठी धरून चालू लागला. चंदू अधूनमधून कामठ्याला यायचा. बापाचा हात चोळून द्यायचा, प्रफुलसोबत धानाच्या बांधीवर जायचा. बोडीचा विषय दोघं काढत नव्हते. प्रफुल आईशी कामापुरतंच बोलायचा. ती आवाज ऐकला की दाराशी यायची, तो पुढं निघून गेला की परत चुलीपाशी जायची. घरात सगळे होते आणि तिला कुठंच बसवत नव्हतं.

मग सालेकसाकडे मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, भरली. प्रफुलनं मोटारसायकल काढली आणि अंगणातूनच म्हणाला, "मी चंदूकडं जाऊन राहिलो. तू येतं का?"

ती मागं बसली.

फुलवंता या वेळीही ओसरीवरच होती. प्रफुल तिच्या पाया पडला. त्याला ती आत घेऊन गेली आणि देवकाबाईला अंगणात उभंच राहू दिलं. मग बाहेर येऊन तिनं खाट ओढून दिली.

"बुढा चालते म्हणे आता?"

"काठीनं चालते."

"मंग तो काऊन नाही आला?"

"लाजते," देवकाबाई म्हणाली.

"गाडीत बसवून मले इथं सोडलं तवा नव्हता लाजला." फुलवंतानं पदरानं खाट झटकली आणि तिच्या एका टोकाला स्वतः बसली. "पुढच्या वक्ती त्यालेही घेऊन ये. त्याच्यासंगंही बोलाचं आहे मले."