येतो म्हणून गेलेला कारभारी

"मनुष्यजातीच्या इतिहासात निष्ठेची इतकी कठोर परीक्षा कोणी दिली नसेल," असं सुनील राठोडने माइकजवळ तोंड नेऊन, आवाज पोटातून काढून सांगितलं. मग रेकॉर्डिंग थांबवलं आणि मोजपट्टीने पाठ खाजवली.

घाटंजीजवळच्या तांड्यात राठोडांच्या मागच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरला होता. भाव वाढेपर्यंत तो तिथंच राहणार होता, म्हणजे बराच काळ राहणार होता. या खोलीत आवाज घुमत नाही आणि शेजारची पिठाची चक्की चालू असली तरी आत ऐकू येत नाही, हे सुनीलच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं. मोठ्या शहरांत लोक अशा शांततेसाठी भिंतींना फोम लावतात. फोमने अंगाला खाज सुटत नाही, एवढाच फरक.

समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर धम्मरत्न भगत बसला होता. तो कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचा. तास झाला तर प्राध्यापक, नाही झाला तर नाही. दोघं शाळेपासूनचे मित्र. एका जपानी चित्रमालिकेत समुद्री चाच्यांचं एक जहाज वीसेक वर्षं फिरत होतं आणि अजून कुठं पोचलं नव्हतं. धम्मरत्न दर आठवड्याचं प्रकरण इंग्रजीतून वऱ्हाडीत आणायचा, सुनील सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, आणि चारेक हजार माणसं ते मोबाइलवर ऐकायची. त्यांतल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला नव्हता. सांगणाऱ्यांनीही नव्हता.

कप्तानाचं मूळ नाव मराठीत चारचौघांत उच्चारण्यासारखं नव्हतं, म्हणून सुनीलने त्याला तांड्याच्या रीतीने 'नायक' केलं. तांड्यात नायकाच्या हाताखाली कारभारी असतो. म्हणून कप्तानाचा उजवा हात झाला 'कारभारी'. आणि हाच कारभारी गेल्या महिन्यात नायकाला सोडून आरमाराच्या जहाजावर चढला होता.

चाच्यांच्या गोष्टीत माणसं बाजू बदलतच असतात. जहाजावरच्या स्वयंपाक्याने तर तीनदा बदलली होती आणि कुणाला त्याचं काही वाटलं नव्हतं. तो जिथं जाई तिथं जेवण सुधारे. पण कारभारी पहिल्या पानापासूनचा. दोन जहाजांमध्ये टाकलेल्या फळीवर पाय ठेवून, मागं न बघता तो एकच शब्द बोलला. धम्मरत्नने लिहून दिलं होतं, 'येतो.' सुनीलने तो शब्द असा म्हटला, की उमरखेडच्या एका बाईंनी कळवलं, आमची भाकर तव्यावर करपली.

तेव्हापासून ऐकणाऱ्यांत दोन तट पडले होते. गद्दारवाले आणि येतोवाले. बाभुळगावला एका लग्नात नवरदेवाचे मित्र भर पंगतीत यावरून भांडले, तेव्हा वडीलधाऱ्यांना वाटलं राजकारण चाललंय, आणि त्यांनीही आपापली मतं दिली. येतोवाल्यांचा मुद्दा एकच होता: ज्याला यायचं नाही तो 'येतो' कशाला म्हणेल? सुनील येतोवाल्यांचा पुढारी होता.

"थे वाक्य काढून टाक," धम्मरत्न म्हणाला.

"कोनतं?"

"निष्ठेची परीक्षा. थो गद्दार हाय."

"कारभारी?"

"हो. एक जहाज सोडलं, दुसऱ्यावर गेला. त्यात परीक्षा कायची?"

"अबे, तूच त लिवलं, येतो म्हनून."

"थेच चुकलं." धम्मरत्नने बाजूच्या ढिगातून कापसाचा पुंजका ओढला आणि त्यातली सरकी काढायला घेतली. "इंग्रजीत 'जातो' होतं. साधं, जातो. पन आपल्याकडं उंबऱ्यात उभं राहून कोनी जातो म्हनते का? माय झापड मारते. हातानं आपोआपच येतो लिवल्या गेलं."

"आन् जपानीत?"

"जपानीत काय हाय थे ना तुले माईत, ना मले. पन तू सांगून टाक आता लोकायले. तुया चॅनलवर चुकीचं चालून राह्यलं."

सुनीलने माइकवर चढवलेला मोजा काढला, उलटा केला, झटकला आणि पुन्हा चढवला. फुंकर माइकमध्ये जाऊ नये म्हणून तो होता. मूळचा धम्मरत्नचा, जोडीतला दुसरा केव्हाच हरवलेला. इतक्या वर्षांत धम्मरत्नने चॅनलला 'आपलं' सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. बंद पडलं तेव्हा आपलं बंद पडलं होतं. कुणी आईवरून शिवी लिहिली तेव्हा ती आपल्या आईवरून होती, आया दोन असूनही.

"कोनाच्या?" सुनीलने विचारलं.

"काय कोनाच्या?"

"चॅनल. कोनाच्या चॅनलवर?"

धम्मरत्नच्या बोटांतली सरकी खाली पडली. तो ती शोधू लागला. कापसाच्या खोलीत एक सरकी शोधणं हे माणसाला हवं तेवढा वेळ पुरणारं काम आहे.

"पुन्याची कंपनी हाय," तो वाकूनच म्हणाला. "मालिकेचे हक्क घेतले त्यायनं. मराठीत आनून राह्यले, कायद्यानं. मले बोलावलं. पर्मनंट हाय."

"मंग चांगलं हाय न."

"हो."

"मंग खाली काहून पाहून राह्यला?"

"थे म्हनतात, चोरून सांगनारे आधी बंद झाले पाह्यजेत." धम्मरत्न सरळ बसला. सरकी सापडली नव्हती. "त्यायनं तुया आवाज ऐकवला मले. म्हने, हा वऱ्हाडीत बोलनारा कोन? तुमच्याच भागातला वाटते."

"तू काय म्हनलं?"

"म्हनलं, पाहून सांगतो."

सुनीलने मोजपट्टी उचलली आणि पुन्हा ठेवली. खाज थांबली नव्हती.

"म्हनजे आपन चाचे," तो म्हणाला.

"कायद्यानं पाह्यलं त, हो."

"आन् तू आता आरमार."

धम्मरत्न हसला नाही. वास्तविक विनोद बरा होता. एरवी त्याने तो पुढच्या भागात नायकाच्या तोंडी घातला असता.

"म्हनून आज कारभाऱ्याले गद्दार म्हनून राह्यला का बे?" सुनील म्हणाला. "मले म्हना लागू नये म्हनून तूच म्हनून टाकलं?"

धम्मरत्नने हातातला पुंजका ढिगात परत खुपसला. मग म्हणाला, "तू आपल्या हातानंच बंद केलं, त मले नाव सांगा लागनार नाही."

दाराशी बांगड्या वाजल्या. सुनीलची आई, जमनीबाई, चहाचे दोन कप घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. कापूस भरला की ती आत येत नसे. तिथून ऐकायचं सोडत मात्र नसे. मालिकेचा प्रत्येक भाग तिने दारामागून, कच्चा, सुनीलच्या खोकल्यासकट ऐकला होता.

"त्या कारभाऱ्याचं काय झालं रे?" तिने विचारलं.

"याडी, धम्मा म्हनते थो गद्दार हाय," सुनील म्हणाला.

"हा म्हनते?" तिने कप पुढं केले. "अन् येतो म्हनला त थो?"

"थे चुकून झालं मावशी," धम्मरत्न म्हणाला.

"चुकून कसं येतो म्हनन? चुकून त मानूस जातो म्हनते."

दोघांनी चहा पिऊन टाकला. तो पिण्याइतका निवला नव्हता. धम्मरत्न उठला, पॅन्टवरचा कापूस झटकला. थोडा निघाला, बराचसा चिकटून राहिला. घाटंजीकडची बस यायची होती. उंबऱ्यात चपला घालताना त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

"येतो मावशी."

तिघांनीही ते ऐकलं. धम्मरत्न एका पायात चप्पल घालून क्षणभर तसाच उभा राहिला, जणू वाक्य दुरुस्त करायचं आहे.

"ये," जमनीबाई म्हणाली आणि कप घेऊन आत गेली.

सुनील माइकची वायर गुंडाळत होता. ती गुंडाळायचं काही कारण नव्हतं. भाग अर्धाच झाला होता.

चॅनल त्याच आठवड्यात बंद झालं. सुनीलने कारण सांगितलं नाही. गद्दारवाले म्हणाले, हरला म्हणून पळाला. येतोवाले म्हणाले, थांबा, यात काहीतरी डाव आहे. काही दिवस सुनील राठोड निष्ठावंत की गद्दार यावर तितक्याच तळमळीने चर्चा झाली, मग सोयाबीनच्या भावावर सुरू झाली.

कापूस विकला गेला. खोलीत बोललं की आता आवाज घुमे, म्हणून सुनील तिथं बोलत नसे. घाटंजीच्या बसस्टँडजवळ त्याचं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान होतं, तिथं बसे. लोकांना त्याचा आवाज ओळखीचा वाटे. "तुम्ही नायक काय?" असं एखादा विचारी. "नाही," सुनील म्हणे, "आधार कार्ड आनलं का?"

धम्मरत्नचा फोन सुरुवातीला दर रविवारी यायचा. मग कामाचा रेटा वाढला. चौदा एप्रिलला तो गावी आला नाही. पुण्यातल्या मिरवणुकीचा फोटो आला, त्यात तो कोपऱ्यात अर्धा होता. जमनीबाईने तो फोटो मोबाइल लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "वाळला."

सुनीलने त्याला गद्दार म्हटलं नाही, कुणासमोरच नाही. तो फक्त वाट पाहत होता, कंपनीची मराठी मालिका त्या प्रकरणापर्यंत पोचण्याची. कंपनी जुनी प्रकरणं ढिगाने काढत होती. तिथं धम्मरत्नला पुन्हा त्या फळीवर यावं लागणार होतं, आणि या वेळी हात आपोआप चालणार नव्हता. 'जातो' लिहिलं तर विषय संपला. 'येतो' लिहिलं तर त्याचा अर्थ कुणाला नाही, तरी एका माणसाला नक्की कळणार होता.

पोळ्याच्या सुमारास ते प्रकरण आलं. सुनीलने दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि मोबाइलवर पान उघडलं. फळी होती. तिच्यावर कारभाऱ्याचा पाय होता. वर पांढऱ्या फुग्यात सुबक अक्षरांत लिहिलं होतं:

'निघतो.'

सुनीलने पान बोटांनी मोठं केलं. शब्दही मोठा झाला, बदलला नाही.

घरी आल्यावर जमनीबाईने विचारलं, "काय म्हनला?"

"निघतो म्हनला."

"म्हनजे येनार हाय का नाही?"

"थे नाही सांगितलं."

"पुन्यात तसंच बोलत असतीन," ती म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

पण सुनीलच्या डोक्यातून शब्द जाईना. येणं नाही, जाणं नाही. नुसतं पाऊल उचललेलं. खोटं वचन दिलं नाही आणि दारही लावलं नाही. अर्ज भरताना, लोकांचे अंगठे घेताना तो शब्द त्याने सगळ्या बाजूंनी पाहिला, आणि जितका पाहिला तितका तो त्याला मोठा वाटत गेला. एवढा विचार करून लिहिणारा माणूस गद्दार कसा असेल? उलट आपणच इतके दिवस फोन केला नाही. शेवटी एका दुपारी दुकानात कुणी नसताना त्याने नंबर लावला.

"धम्मा," तो म्हणाला, "निघतो वाचलं मी. बराबर शब्द हाय. मले समजलं बे."

पलीकडं कीबोर्ड वाजत होते. कुणीतरी हसलं, तो आवाज दूर गेला.

"कुठलं निघतो?"

"कारभाऱ्याचं. फळीवरचं."

"हं, ते," धम्मरत्न म्हणाला. "ते प्रकरण माझ्याकडे नव्हतं. नाशिकच्या एका मॅडमनी केलंय. मला स्वयंपाकी दिलाय."