मी, खलाफच्या पोटरीतली तंतुकणिका

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं नाही, पण माझ्यासारख्या कितीतरी जणी तुमच्यातही राबत असतात. मी पेशीच्या आत राहते, मला तंतुकणिका म्हणजे मायटोकाँड्रिया म्हणतात. मी जुनी आहे, पण किती जुनी ते विचारू नका. आम्ही वाढलो की एकीच्या दोन होतो, मग त्यातली म्हातारी कोण आणि तरणी कोण हे आमचं आम्हालाच कळत नाही. इराकमध्ये बसरा शहराच्या दक्षिणेला खजुराच्या बागांत खलाफ नावाचा माणूस राहतो. त्याच्या उजव्या पोटरीत माझं घर आहे. आम्ही प्रत्येकाला आईकडूनच मिळतो, तशी मी खलाफला त्याच्या आईकडून मिळाले.

माझं काम चुलीचं, फक्त माझ्या चुलीला जाळ नसतो. खलाफ भाकरी खातो, खजूर खातो. त्यातलं ग्लुकोज रक्तातून आमच्या पेशीत येतं. तिथल्या द्रवात त्याचे आधी दोन तुकडे होतात. एवढ्या खटाटोपात ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, दोनच कण पदरात पडतात. मग ते तुकडे माझ्याकडे येतात. खलाफच्या श्वासातला ऑक्सिजन हाताशी असला, की मी ते पार उलगडून टाकते. पाणी उरतं, कार्बन डायऑक्साइड उरतो, तो खलाफ उच्छ्वासातून सोडून देतो. एका ग्लुकोजमागे सगळे मिळून जवळपास तीस कण होतात. त्यांच्या जोरावर पोटरी आवळते आणि खलाफ झाडावर एक पाऊल वर चढतो. चाळीस वर्षं तो असा चढतो आहे. गाव म्हणतं, "खलाफचे पाय लोखंडाचे!" लोखंड कसलं, आम्ही राबतो! पण कौतुक कुणाच्या का नावावर होईना, मला बरं वाटतं.

साठी उलटल्यावर खलाफला मधुमेह झाला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "रोजे धरायचे असतील तर आधी मला विचारा. गोळी बदलावी लागेल." खलाफनं मान डोलावली आणि विचारलं मात्र नाही. त्या वर्षी रमजान ऐन खजूर उतरवायच्या दिवसांत आला. एकदा सहरीला, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, त्याला उशिरा जाग आली. घाईघाईत अर्धी भाकरी खाल्ली, घोटभर चहा घेतला, गोळी मात्र अख्खी गिळली.

दुपारी तो बरही जातीच्या खजुराच्या झाडावर वीस हात उंच, कमरेचा दोर खोडाभोवती बांधून घड कापत होता. खाली चटईवर त्याची बायको नश्मिया खजूर निवडत होती. आणि गोळीच्या जोरानं रक्तातली साखर आटू लागली. आमचं अडलं नव्हतं. स्नायूला चरबीवरही वेळ काढता येतो, शिवाय पोटरीच्या कोठीत थोडी साखर शिल्लक होती. पण मेंदूला साखर हवीच, आणि स्नायूच्या कोठीतली साखर रक्तात परत सोडता येत नाही. वर खलाफच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती आणि मी भरल्या कोठीशी बसून होते. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

"आई, चूल पेटली का गं?" खलाफनं वरून विचारलं.

नश्मिया हसली. नवऱ्याला ती 'अबू रिसान', म्हणजे रिसानचा बाप, अशीच हाक मारायची. "अहो अबू रिसान, मी तुमची आई कधीपासून झाले? एवढी का म्हातारी दिसते?"

"आई, भूक लागलीय."

तिचं हसू तिथंच थांबलं. सासूला जाऊन वीस वर्षं झाली होती. तिनं वर पाहिलं. खलाफच्या हातातला विळा खाली पडला होता, सदरा घामानं भिजला होता आणि कापरी बोटं दोराची गाठ चाचपत होती. गाठ सुटली असती तर सगळं संपलं असतं.

"अहो, गाठीला हात लावू नका! समोर घड आहे, एक खजूर टाका तोंडात!"

"रोजा आहे माझा."

"जिवावर बेतलं तर रोजा सोडायची मुभा देवानंच दिलीय. खा म्हणते ना!"

"तू कोण मला सांगणारी?" त्याची बोटं पुन्हा गाठीवर गेली.

नश्मिया चटईवरून उठली. मग तिनं कमरेवर हात ठेवले आणि थेट सासूच्या ठसक्यात ओरडली, "अरे ए खलफ्या! आई बोलतेय! काढ आधी तो हात गाठीवरनं! आणि खा म्हटलं की खायचं!"

हात निघाला. खलाफनं मुकाट्यानं एक खजूर तोडून तोंडात टाकला.

"अजून एक! नीट चाव!"

त्यानं दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. थोड्या वेळात साखर रक्तात पोचली आणि डोकं थाऱ्यावर आलं. मग मात्र माझी पाळी होती. एकेक पाऊल जपून टाकत आम्ही त्याला खाली आणलं. उन्हात उभं राहून ती साखर साठवणाऱ्या झाडाचे, छातीत जाणाऱ्या हवेचे आणि खालून ओरडणाऱ्या त्या बाईचे मी पावलागणिक आभार मानत होते.

"मला आईचा आवाज आला," चटईवर बसत खलाफ म्हणाला.

नश्मियाचे डोळे वाहत होते, पण तोंड काही थांबेना. "चाळीस वर्षं 'अहो, अहो' केलं, एक गोष्ट ऐकली नाहीत माझी. आज 'अरे' म्हटलं तर लगेच ऐकलंत!"

खलाफ हसता हसता रडला. दुसऱ्या दिवशी ती त्याला धरूनच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

मित्रांनो, आम्ही तुमच्या शरीरात रात्रंदिवस राबतो आणि वेळेवरच्या चार घासांपलीकडे काही मागत नाही. घरात कुणी गोळ्या घेत असेल, तर त्यांना उपास डॉक्टरांना विचारूनच करायला सांगा. आणि तुम्हाला कुणी जीव तोडून "खा" म्हणून हाक मारली, तर आधी खा. हाक कुणाची होती, ते मागाहून बघता येतं.